उंदरांची निळी सुई

मावशीचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. रविवार, दुपारचे साडेबारा. फोन मानेत अडकवला, "बोल गं" म्हटलं आणि चिरत राहिले.

"ताई, ती उंदरांची निळी सुई घेऊन ये," ती म्हणाली. "कोनाला सांगू नको. लगेच ये."

मला वाटलं प्रयोगशाळेच्या जनावरघरात काहीतरी गोंधळ झालाय, आणि मी भडकले. माझा स्वभावच तसा आहे, आधी भडकायचं आणि मग ऐकायचं. "आज तुझी सुट्टी ना? मग तू तिथे कशाला तडमडलीस?"

"उंदरांसाठी न्हाय गो. भावासाठी." तिचा आवाज एकदम खाली गेला. "व्हट निळे झालेत त्याचे. नखं पन. आपल्या उंदरांचं व्हतं ना, तसंच. मी वळखलं."

मी सुरी खाली ठेवली.

ही मावशी कोण, ते आधी सांगते. वयाने माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी. पण झाडूपोछा करणारी बाई म्हणजे मावशी हा आपल्याकडचा नियम, आणि मीही तो मुकाट पाळला. दिघाशीच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. नवरा वारला, म्हणून आईकडे परत आलेली. घरात म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. भाऊ मानकोलीच्या गोदामांत माल उतरवायचा, आणि त्यानेच तिला आमच्या प्रयोगशाळेत चिकटवलं होतं. आमची प्रयोगशाळा त्याच गोदामांच्या रांगेत, वरच्या मजल्यावर. खाली कोणाचे तरी फ्रीज आणि वॉशिंग मशीन, वर आम्ही आणि आमचे पांढरे उंदीर.

आम्ही तिघं होतो. मी रसायनवाली, एक जनावरांची डॉक्टरीण, आणि एक माणसांचा डॉक्टर, जो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी करायचा आणि शनिवारी आमच्याकडे यायचा. काम तिघांचं एकच. रक्तात लोह असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. सोडियम नायट्राइट नावाचा पांढरा क्षार पोटात गेला की हे लोह बिघडतं आणि प्राणवायू धरतच नाही, जो धरलेला असतो तोही सोडत नाही. माणसाची छाती वर-खाली होत असते, पण आत काही पोचत नाही. ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटी दिसायला लागतं. यावर उतारा आहे मेथिलीन ब्लू. तो खरा तर रंग. ज्या शहरात बापाने जन्मभर लूमवर शिफ्ट मारल्या, त्या शहरातल्या पोरीने जेव्हा वाचलं की कापडाला लावायचा निळा रंग माणसाचं रक्त पुन्हा लाल करतो, तेव्हा तिला कोण आनंद झाला होता! एम.एस्सी.च्या वर्गातून घरी येऊन मी ते बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "मग पगार वाढवून मागायला पाहिजे होता आम्ही."

पण या निळ्या औषधाची एक अट आहे. रक्तात एक ठरावीक एन्झाइम असेल तरच ते काम करतं. काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मापासूनच फार कमी असतं. अशा माणसाला निळं औषध दिलं की लोह तर सुधरत नाहीच, वर रक्तपेशी फुटायला लागतात. रोग परवडला पण औषध नको, अशी गत. आमच्या डॉक्टरने डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेले असे रुग्ण पाहिले होते. त्या लोकांसाठी दुसरा उतारा शोधायचा, एवढंच आमचं संशोधन. मी नवनवे पदार्थ बनवायची, डॉक्टरीण ते उंदरांवर बघायची, आणि डॉक्टर दर शनिवारी म्हणायचा, "माणसांपर्यंत पोचायला अजून लई वेळ आहे, मॅडम."

उंदीर धरायची मावशी. नोकरी झाडूची, पण उंदीर धरावा तो तिनेच. आम्हाला दोघींना कितीदा चावले. तिला तीन वर्षांत एकदाही नाही. "राजा, टोचून घे रं, झालं, झालं," असं काहीबाही बोलत ती त्याला तळहातात घ्यायची आणि तो गप्प पडायचा. पहिली सुई बिनरंगी, नायट्राइटच्या पाण्याची. थोड्या वेळात उंदराचे कान आणि पंजे राखाडी पडायचे. मग दुसरी सुई, निळी. जरा वेळाने पंजे परत गुलाबी. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिने चक्क टाळी वाजवली होती.

तर या बाईने फोनवर म्हटलं, मी वळखलं.

"काय खाल्लं त्याने?" मी विचारलं.

"सुकटीचं कालवन आनि भाकर. कामावर जायचं व्हतं म्हनून तो आधी जेवला. आम्ही जेवलो न्हाय अजून. मी चव बघितली जराशी, माझं डोकं गरगरतंय."

"मीठ कुठलं घातलंस?"

मागून गाडीचा भोंगा ऐकू येत होता, कोणीतरी "सरको, सरको" म्हणत होतं.

"मावशी, मीठ कुठलं?"

"तू दिलेल्या बाटलीतलं."

कपाळ माझं! बाटली मी दिली होती. पंधरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी. रसायनं ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून येतात त्यांचं झाकण इतकं घट्ट असतं की आत हवा म्हणून शिरत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, हे कोणाला सांगायला नको, त्यामुळे या बाटल्यांवर प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा डोळा. रिकामी बाटली तीनदा धुवायची, लेबल काढायचं, आणि मग ज्याला पाहिजे त्याने न्यायची. नियमात बसत नाही, पण चालतं. आमच्या घरी डाळी अजून तशाच बाटल्यांत आहेत.

ती बाटली नायट्राइटची होती. झाकण कधीतरी सैल राहिलं होतं, हवा लागून आतला माल दगड झालेला, बुडाला दोन बोटं थर घट्ट चिकटलेला. खरं म्हणजे तो पाण्यात विरघळवून, त्याच्यावर प्रक्रिया करून, मग टाकायचा असतो. मी वहीत "नष्ट केली" असं लिहून मोकळी झाले होते आणि काम सोमवारवर ढकललं होतं. मावशी म्हणाली, "ही नेऊ का गो?" मला घरी जायची घाई. मी ब्लेडने लेबल खरवडलं, अगदी डागसुद्धा राहू दिला नाही, आणि जाता जाता म्हटलं, "ने. पण धुऊन घे नीट."

बास. काय आहे ते बोलले नाही. धुऊन घे म्हटलं की झाली माझी जबाबदारी पूर्ण!

"धुतली नाहीस?" मी फोनवर ओरडले.

"बुडाला मीठ व्हतं, ताई. चांगलं पांढरंधोप. मीठ कसं टाकायचं? त्याच्यावरच नवं वतलं. आज खालचं खरवडून काढलं."

मीठ सांडलं तर वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. हे माझी आई अजून सांगते, तिच्या आईनेही तिला तेच सांगितलं असणार. मीठ कोणी नाल्यात ओतत नाही. मी स्वतः ओतलं नसतं. आणि ही गोष्ट मला, तिच्याच तालुक्यात वाढलेल्या बाईला, त्या शुक्रवारी सुचू नये?

"आता कुठे आहेस?"

"अम्बुलन्समदी. गावच्या दवाखान्यातनं भिवंडीला न्यायला सांगितलंय. डॉक्टरला मी सांगितलं, रानात कायतरी चावलं असंल. तुझं नाव न्हाय घेतलं. बाटली पन शेतात पुरली. तू फक्त निळी सुई आन. डॉक्टर हिकडंतिकडं झाला का टोच."

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस गुदमरत होता आणि मला वाटलं, बरं झालं, बाटली पुरली. ते वाटणं दोन-तीन श्वासांपुरतंच होतं, पण वाटलं होतं, आणि ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

धामणकर नाक्यावरच्या माझ्या घरून मानकोलीला एरवी मी स्कूटीवर वीस मिनिटांत पोचते. त्या दिवशी रविवार असूनही कंटेनर रस्त्याला आडवे. एका ट्रकवाल्याला मी अशा शिव्या घातल्या की तो खाली उतरून म्हणाला, "मॅडम, मेरी क्या गलती?" त्याची काही चूक नव्हती. वाटेत तीनदा आमच्या डॉक्टरला फोन लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. गेटवर वॉचमनने वही पुढे केली, "संडे को काम?" मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, उंदरांना पाणी.

वर जाऊन कपाट उघडलं. मेथिलीन ब्लूच्या बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांसाठी नाही. ते वाक्य मी रोज बघत होते. उंदरांसाठी गाळून ठेवलेलं द्रावण फ्रीजमध्ये होतं. भाऊ साधारण पन्नास-पंचावन्न किलोचा असेल, गोदामाच्या जिन्यावर दिसायचा, बारीक पण काटक. उंदराचं वजन ग्रॅममध्ये असतं, माणसाचं किलोत. मी किती द्यायचं ते तीनदा मांडलं, तीनदा वेगळं आलं, मग चौथ्यांदा कागदावर मांडलं. सिरिंज भरली, टोपण लावलं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

आणि त्याच फ्रीजमधून मी एन्झाइम तपासायचा छोटा डबा उचलला, जांभळ्या उजेडाची टॉर्चही घेतली. का उचलला हे सांगता येत नाही असं म्हणायला बरं वाटतं, पण सांगता येतं. आमच्या डॉक्टरने फोन उचलला असता तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, ते एन्झाइम आहे का याच्या रक्तात?

भिवंडीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊ खाटेवर होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धे उघडे. सावळ्या माणसाचं निळं पडणं लगेच कळत नाही, ओठ उलटून बघावा लागतो. मावशीने तो उलटून मला दाखवला, उंदराचा कान दाखवायची तितक्याच हलक्या हाताने. बोटाला चिमटा लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा पंच्याऐंशी. ऑक्सिजन पूर्ण सोडलेला, तरी पंच्याऐंशी. तो आकडा आम्ही कागदावर शंभरदा वाचला होता. हे विष रक्तात असलं की यंत्र तिथेच अडून बसतं आणि खरं काय ते सांगत नाही.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. सकाळपासूनची उभी असावी. सापाच्या विषावरचं औषध ट्रेमध्ये काढून ठेवलेलं, पण अजून तिने ते दिलं नव्हतं. "चावल्याची खूण सापडत नाहीये," ती मला नातेवाईक समजून म्हणाली. "रक्त गोठतंय का तेवढं बघते, मग ठरवते." टेबलावर काचेच्या नळीत त्याचं रक्त उभं करून ठेवलं होतं. मी ते बघितलं. चॉकलेटचा तोच रंग. माझ्या वहीत त्या रंगाचे फोटो चिकटवलेले आहेत, तारखेसकट.

तेवढ्यात तिला पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि ती गेली. मावशीने पडदा ओढला.

"टोच," ती म्हणाली.

माझा हात पर्समध्ये गेला. रुमाल सुटला, सिरिंज बोटांना लागली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. सलाईनची नळी त्याच्या हाताला लावलेलीच होती, सुईसुद्धा खुपसायची नव्हती. दिलं असतं आणि उतारा पडला असता तर कोणी काही विचारलं नसतं. साप होता, उतरलं विष, देवाची कृपा. मावशीची नोकरी राहिली असती, माझीही राहिली असती. वहीत "नष्ट केली" तसंच राहिलं असतं. त्याच्या छातीची घरघर वाढत होती, आणि मावशी माझ्या दंडाला धरून हलवत होती, "टोच ना गो, बघतेस काय!"

"मावशी, याला मलेरियाच्या गोळ्या कधी दिल्या होत्या?"

"आता काय विचारतेस!"

"सांग आधी!"

"दिल्या व्हत्या. दोन-तीन वर्सं झाली. आरोग्यवाल्या बाईनं दिल्या. त्याला गरम पडल्या त्या."

"गरम पडल्या म्हणजे काय झालं?"

"डोळं पिवळं झालं. लघवी काळी व्हायली, चहावानी. मंग आम्ही गोळ्या फेकल्या."

मी हात पर्समधून बाहेर काढला. गोळ्या गरम पडल्या! ज्या एन्झाइमसाठी आम्ही तीन वर्षं उंदीर मारत होतो, त्याची कमतरता मलेरियाच्या त्या गोळ्यांनी अशीच उघडी पडते, हे आमच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर होतं. आणि आमची मावशी रोज त्या पानांवरची धूळ पुसत होती. पाड्यांवरच्या लोकांचं रक्त तपासायची परवानगी यायची होती, म्हणून आम्ही वाट बघत बसलो होतो. जी बाई समोर उंदीर धरून उभी, तिला "तुमच्या घरात कोणाला गोळ्या गरम पडतात का गं?" एवढं विचारायला कुठली परवानगी लागत होती?

मी पडदा सारला आणि हाक मारली. हाक कसली, बोंबच मारली. "डॉक्टर! साप नाहीये! नायट्राइट आहे! मी दिलंय!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर मुलगी धावत आली आणि मी सगळं सांगितलं. बाटली, थर, खरवडलेलं लेबल, कालवण. पर्समधली सिरिंज काढून तिच्या ट्रेमध्ये ठेवली. तिने सिरिंजकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ही आता थोबाडीत देणार. ती फक्त म्हणाली, "किती वेळ झाला खाऊन?"

"दोन-अडीच तास."

ती हुशार होती. नळीतलं रक्त पांढऱ्या कागदावर ओघळवलं, हवेत हलवलं, लाल होतंय का बघितलं. झालं नाही. "मेथिलीन ब्लू आणा," तिने नर्सला सांगितलं, "इंजेक्शनचं, आपल्या स्टोअरमधलं."

"नको," मी म्हटलं.

"नको म्हणजे? तुम्हीच सांगताय ना नायट्राइट?"

मी तिला एन्झाइमचं सांगितलं, काळ्या लघवीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण नजर भावावर. "बाई, हा माणूस माझ्यासमोर जातोय. काळी लघवी कावीळमध्ये पण होते. एवढ्यावरून मी उतारा थांबवू?" ती चुकीचं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणखी मोठ्या आवाजात.

"दहा मिनिटं द्या मला. माझ्याकडे तपासणी आहे."

"पाच."

"पाचात होत नाही! रसायन आहे ते, माझं ऐकत नाही!"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "निळं औषध भरून हातात घेऊन उभी राहते. दहाव्या मिनिटाला तुमचं उत्तर नसलं तर देणार."

कपडे ठेवायच्या खोलीत मी दार लावून घेतलं. एका नळीत त्याच्या रक्ताचा थेंब, दुसरीत माझा. माझं रक्त धड आहे हे ठाऊक होतं, तुलनेला काहीतरी हवंच. बोट टोचलं तर रक्त येईना, हात इतके गार पडले होते. दाबून दाबून काढलं. त्याचं रक्त इतकं काळं की त्या काळेपणानेच चमक झाकली गेली असती, म्हणून ते जास्त पातळ केलं, आणि माझंही तेवढंच. दोन्हीत डब्यातलं रसायन घातलं. मग गाळणकागदावर लगेच एक-एक ठिपका, पाच मिनिटांनी एक-एक, दहाव्याला एक-एक. एन्झाइम असलं तर ठिपका जांभळ्या उजेडात चमकतो, नसलं तर काळाच राहतो. एवढी साधी गोष्ट आहे.

मधली पाच-पाच मिनिटं काय करायचं असतं? मी भिंतीला टेकून उभी होते. दारापलीकडे मावशी कोणावर तरी ओरडत होती. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. ठिपका चमकला तर मी फुकट दहा मिनिटं घालवली, आणि त्या दहा मिनिटांत तो गेला तर बाटलीही माझी आणि उशीरही माझाच.

शेवटचा ठिपका पुरता वाळायचीही वाट बघितली नाही, फुंकर मारली, दिवा बंद केला आणि टॉर्च लावली. माझ्या रक्ताचे ठिपके निळसर उजळले, एकापेक्षा एक जास्त. त्याची ओळ काळी. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही काळे.

मी दार उघडलं. डॉक्टर मुलगी निळी सिरिंज घेऊन खरंच तिथे उभी होती. ती आत आली, स्वतः टॉर्च धरली, कागद उलटसुलट करून पाहिला. निळी सिरिंज तिने नर्सच्या हातात परत दिली. आणि तेव्हाच आमच्या डॉक्टरचा फोन आला! तो भाच्याच्या मुंजीत होता, फोन पिशवीत. मी त्याला काही बोलायच्या आधी तिने फोन माझ्या हातातून घेतला, आणि दोघं पुढची पाच मिनिटं आपसात बोलले. क जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन सलाईनमधून, ऑक्सिजन तसाच चालू, आणि बाहेरून रक्त द्यायचं. क जीवनसत्त्व फार सावकाश काम करतं. पण त्याच्या रक्ताला चालणारं तेवढंच होतं.

"वाचेल?" मी विचारलं.

"आधी रक्त आणा," ती म्हणाली.

रक्तपेढीत मी धावले, कागद मी भरले, "पेशंटशी नातं" या रकान्यात काय लिहावं ते कळेना म्हणून तो कोरा सोडला. पहिली पिशवी लागली तेव्हा तीन वाजले होते. चारला त्याला झटका आला, अंग ताठ झालं, दोघा वॉर्डबॉयनी धरला. मावशी तेव्हा खाटेपाशी फरशीवर बसून राहिली, वर बघेनाच. पाचच्या सुमाराला दुसरी पिशवी. सहाला डॉक्टर मुलीने पुन्हा एक थेंब कागदावर टाकला आणि मला बोलावलं. चॉकलेटी होता अजून, पण कडेला लाल होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, मोठमोठ्याने, लाज न बाळगता. आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "रडू नकोस, आधी सगळं कागदावर लिही, काही गाळू नकोस."

मी लिहिलं. बाटलीपासून सिरिंजपर्यंत सगळं, त्या वहीतल्या "नष्ट केली"सकट. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. प्रयोगशाळेने मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

चौथ्या दिवशी भाऊ उठून बसला. चेहरा ओढलेला, डोळे पिवळट, पण बोलत होता. भूक लागली म्हणाला. मी डबा नेला होता तो त्याने खाल्ला. मावशी जिन्याच्या पायरीवर बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पोलिसांपुढे बोलले होते, पण तिच्यापुढे अजून बोलले नव्हते.

"मावशी, चूक माझी आहे. ती बाटली तशी द्यायचीच नव्हती."

"माहीत हाय," ती म्हणाली.

"मग तू गावच्या डॉक्टरला बाटलीचं का नाही सांगितलंस? साप कशाला म्हणालीस? सगळे दोन तास सापामागे लागले."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी आहे. "कोनामुळं झालं ते पोलिसाला लागतं. डॉक्टरला कशाला लागंल? डॉक्टरनं बरं करायचं."

खालून चहावाला वर आला, दोन कटिंग देऊन गेला. तिने घेतला नाही.

"आनि ती निळी सुई," ती म्हणाली. "तू का न्हाय टोचलीस? उंदीर तर वाचतात."

"उंदरांच्या रक्तात एक गोष्ट असते, ती तुझ्या भावाच्या रक्तात नाही. त्याच्यासारख्या माणसाला ती सुई सोसत नाही. ज्याला गोळ्या गरम पडतात त्याला ती मारते."

"मेला असता?"

"मेला असता."

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग एकदम वळली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चहा माझ्या साडीवर सांडला. जिन्यावरून जाणारी माणसं थांबली. ती रडत होती आणि ओरडत होती, मला आजवर कधी ओरडली नव्हती ती.

"तीन वर्सं उंदीर धरले गो मी तुझे! रोज धरले! मना एकदा तरी सांगायचं व्हतं, काय टोचतेस ते!"